हाँगकाँगचा खारा फ्लश

हाँगकाँगमध्ये गोड्या पाण्याची कायमची ओढाताण. म्हणून १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे संडासात समुद्राचं पाणी सोडायला सुरुवात झाली. आज दहापैकी आठ जणांच्या घरी हाच खारा फ्लश असतो. पाणी वाचलं, पण सांडपाणी खारट झालं आणि ते शुद्ध करणाऱ्या जिवाणूंची पंचाईत झाली.

सांडपाण्यातला अमोनिया तसाच समुद्रात सोडला, तर शेवाळ माजतं आणि मासे गुदमरतात. जिवाणू तो दोन टप्प्यांत संपवतात. हवा खेळत्या टाकीत अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट होतं. बिनहवेच्या टाकीत दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात.

काकडी चोचवून मीठ लावलं की पाणी सुटतं ना? जिवाणूंच्या पेशींचंही तेच होतं. मीठ हळूहळू वाढवलं तर ते पुष्कळ सरावतात. घात करतो तो अचानक चढउतार. अशा वेळी नायट्राइट खाणारे आधी गळपटतात आणि माशांना विषारी असलेलं नायट्राइट साचत जातं. त्यावर एक उपाय म्हणजे पाण्यात बीटेन नावाचा पदार्थ घालणं. (हे नाव बीटवरूनच पडलंय, त्यातच ते पहिल्यांदा सापडलं.) पेशी ते शोषून आत साठवतात, मग त्यांच्यातलं पाणी बाहेर ओढलं जात नाही.

मला मात्र हाँगकाँग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या ग्वांगहाओ चेन यांच्या गटाची युक्ती जास्त आवडते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मिठाबरोबर सुमारे २.७ ग्रॅम सल्फेटही असतं. त्यांनी त्यालाच कामाला लावलं. पहिल्या टाकीतले जिवाणू सल्फेटच्या जोरावर मैला खातात आणि सल्फाइड तयार करतात. कुजक्या अंड्यांचा वास येतो तो त्याच्याच वायूचा. एरवी हा डोकेदुखीचा पदार्थ, पण दुसऱ्या टाकीतल्या जिवाणूंचं ते अन्न. ते खाताना नायट्रेटचा नायट्रोजन होतो आणि सल्फाइडचं पुन्हा सल्फेट. नायट्रेट येतं तिसऱ्या, हवेच्या टाकीतून, उलटं फिरवून. या पद्धतीचं नाव ‘सानी’. हाँगकाँगमधल्याच शातिनच्या सांडपाणी केंद्रात तिची मोठ्या प्रमाणावर चाचणीही झाली.

हे सगळे जिवाणू सावकाश वाढणारे, त्यामुळे मागे उरणारा गाळ फार कमी. जागेची इतकी चणचण असलेल्या या शहराला त्याचं मोल मोठं आहे. तिथे गाळ जाळण्यासाठी ‘टी-पार्क’ नावाची भट्टीच उभारलीय, दिवसाला २,००० टन क्षमतेची.