तीन गुणांची आघाडी आणि शेवटचे काही सेकंद : प्रशिक्षकांवरील वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये एखादा संघ थोडक्यात हरला की चाहत्यांचा रोख खेळाडूंपेक्षा प्रशिक्षकाकडे वळतो. टाइमआउट वेळेवर का घेतला नाही, पूर्वार्धात दोन फाउल झाले म्हणून मुख्य खेळाडूला इतका वेळ बाकावर का बसवून ठेवले, आघाडी हाती असताना खेळाचा वेग का मंदावू दिला, हे प्रश्न दर मार्च महिन्यात, राष्ट्रीय बाद स्पर्धेच्या दिवसांत, नव्याने विचारले जातात. त्यातही एक प्रश्न असा आहे की त्यावर दोन जाणकार एकत्र आले तरी त्यांचे एकमत होत नाही. तीन गुणांची आघाडी असताना आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती शेवटचा चेंडू असताना त्याला मुद्दाम फाउल करून दोन फ्री थ्रो (बिनविरोध मारायच्या, प्रत्येकी एका गुणाच्या फेकी) द्यावेत की बचावावर विसंबून राहावे, हा तो प्रश्न.

सामना चालू असताना प्रशिक्षकाने निर्णय घ्यावा, ही अपेक्षाच मुळात या खेळाच्या जन्मापासूनची नाही. १९१०-११ च्या नियमांनी सामन्यादरम्यान बाजूने सूचना देण्यावर बंदी घातली होती. पहिल्या वेळी ताकीद आणि त्यानंतर प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो, अशी शिक्षा होती. टाइमआउटमध्ये खेळाडूंशी बोलण्याची परवानगी प्रशिक्षकाला मिळाली ती थेट १९४८-४९ च्या हंगामात. म्हणजे त्यापूर्वीच्या अर्ध्या शतकात शेवटच्या मिनिटाचा जो काही निर्णय होता, तो मैदानावरील विद्यार्थ्यांचाच होता.

पुढच्या तीन दशकांत प्रशिक्षकाचा हात बळकट होत गेला, आणि शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट मारायला लावणारे घड्याळ) नसल्यामुळे तो कधी कधी नको इतका बळकट झाला. आघाडी मिळाली की चेंडू चार कोपऱ्यांत फिरवत ठेवून वेळ काढायचा, हे त्या काळातील मान्यताप्राप्त तंत्र होते. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिनिया यांच्यातील परिषदेचा (विद्यापीठांच्या प्रादेशिक गटाचा) अंतिम सामना ४७-४५ असा संपला. देशातील उत्तम खेळाडू मैदानावर असताना उत्तरार्धात कित्येक मिनिटे कोणी बास्केटकडे बघितलेही नाही, हे दूरचित्रवाणीवर देशभर दिसले. १९८५-८६ मध्ये आलेल्या ४५ सेकंदांच्या शॉट क्लॉकमागे त्या सामन्याचा वाटा मोठा होता. पुढे ही मर्यादा १९९३-९४ मध्ये ३५ सेकंदांवर आणि २०१५-१६ मध्ये ३० सेकंदांवर आली.

मधल्या काळात, १९८३ मध्ये, आल्बकर्कीला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ह्यूस्टनने उत्तरार्धाच्या सुरुवातीला पारडे पूर्ण फिरवून ४२-३५ अशी आघाडी घेतली आणि नंतर त्यांच्या प्रशिक्षकाने वेग कमी करायला लावला. वेगवान खेळ आणि डंक (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये घालणे) हीच ज्यांची ओळख, त्या संघाला चेंडू धरून ठेवायला सांगितले गेले. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फूट उंचीवर असल्याने खेळाडू दमले होते, हे त्यामागचे समर्थन. नॉर्थ कॅरोलिना स्टेटने मग फ्री थ्रोमध्ये कच्च्या असलेल्या खेळाडूंना एकामागून एक फाउल करायला सुरुवात केली, ५२-५२ अशी बरोबरी साधली आणि लांबून चुकलेला शेवटचा शॉट हवेत पकडून झालेल्या डंकवर सामना ५४-५२ असा जिंकला. फाउल हे हरणाऱ्याचे शस्त्र असते, अशी तेव्हाची समजूत होती. जिंकत असलेल्या संघाने मुद्दाम फाउल करावा, हा विचार तेव्हा निरर्थक ठरला असता, कारण एका शॉटला दोनच गुण मिळत आणि तीन गुणांची आघाडी एका फेकीत पुसली जात नसे.

हे गणित १९८६-८७ मध्ये बदलले. त्या हंगामात १९ फूट ९ इंचांवर तीन गुणांची रेषा देशभर आखली गेली आणि तीन गुणांची आघाडी एका शॉटच्या टप्प्यात आली. १९९०-९१ मध्ये आणखी दोन बदल एकदमच झाले. तीन गुणांचा शॉट मारताना फाउल झाल्यास तीन फ्री थ्रो मिळू लागले आणि एका अर्धातील संघाच्या दहाव्या फाउलपासून हमखास दोन फ्री थ्रो द्यायचे ठरले; सातव्या ते नवव्या फाउलसाठी पहिला फ्री थ्रो घातला तरच दुसरा, ही जुनी पद्धत कायम राहिली. १९९३-९४ पासून शेवटच्या मिनिटात बास्केट झाल्यावर घड्याळ थांबू लागले, त्यामुळे मागे पडलेल्या संघाला टाइमआउट न खर्चता वेळ वाचवता येऊ लागली. आजचा वाद या चार-पाच नियमांच्या बेरजेतून उभा राहिलेला आहे. तो प्रशिक्षकांच्या धाडसाचा किंवा भित्रेपणाचा प्रश्न आहे असे मानणाऱ्यांना हे बहुधा आठवत नाही.

फाउलच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे. तीन गुणांनी मागे असलेल्या संघाला दोन फ्री थ्रो मिळाले, तर त्याने पहिला घालायचा, दुसरा मुद्दाम चुकवायचा, तो रिंगला लागेल याची काळजी घ्यायची, बचाव करणारे खेळाडू रिंगच्या सर्वांत जवळच्या जागांवर उभे असताना रिबाउंड (चुकून परत आलेला चेंडू) आपण मिळवायचा आणि उरलेल्या दोन-तीन सेकंदांत बास्केट करायची. एवढे जमले तरी पदरात पडते ती फक्त बरोबरी. याउलट तीन गुणांचे शॉट सर्वसाधारणपणे तिनात एक लागतात, आणि शेवटच्या घाईत त्याहून कमी लागत असतील असे मानले तरी तो धोका वरच्या साखळीपेक्षा मोठाच दिसतो.

विरोधी युक्तिवाद कागदावर इतका देखणा दिसत नाही, पण मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला तो जास्त पटतो. फाउल करायला गेलेल्या खेळाडूला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला आणि समोरच्याने हात वर उचलले, तर तीन फ्री थ्रो जातात, आणि शॉट लागला तर चौथ्या गुणाचीही संधी मिळते. शिवाय फाउल चेंडूसाठी केल्यासारखा दिसला पाहिजे. नुसते मिठी मारून थांबवले तर पंच तो हेतुपुरस्सर ठरवतात आणि दोन फ्री थ्रोंसोबत चेंडूही प्रतिस्पर्ध्याकडे जातो. २०११-१२ मध्ये या फाउलचे नाव बदलून 'फ्लॅग्रंट १' झाले, शिक्षा मात्र तीच राहिली. म्हणजे फाउल मुद्दाम करायचा, तो मुद्दाम वाटू द्यायचा नाही, आणि तरीही पंचाने शिट्टी वाजवावी इतका स्पष्ट करायचा, अशी तिहेरी कसरत एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने दोन सेकंदांत करायची असते.

ही कसरत फसते कशी, हे ७ एप्रिल २००८ रोजी सॅन अँटोनियोत दिसले. राष्ट्रीय अंतिम सामन्यात सुमारे दोन मिनिटे उरली असताना मेम्फिस कॅन्ससविरुद्ध ६०-५१ असे पुढे होते आणि नंतर त्यांनी आपल्या शेवटच्या पाचपैकी चार फ्री थ्रो चुकवले. दहा सेकंद उरले असताना गुणफलक ६३-६० होता. कॅन्ससचा गार्ड वेगाने चेंडू घेऊन आला, मेम्फिसच्या बचावपटूने त्याला हलका धक्का दिला, तो अडखळून पडता पडता चेंडू बाजूच्या सहकाऱ्याकडे गेला, आणि त्याने उंचावलेल्या हातावरून मारलेला शॉट २.१ सेकंद उरले असताना लागला. शिट्टी वाजली नव्हती. ओव्हरटाइममध्ये कॅन्ससने ७५-६८ असा विजय मिळवला. आपण फाउल करायलाच सांगितले होते, असे मेम्फिसच्या प्रशिक्षकांनी सामन्यानंतर सांगितले. तरीही 'फाउल न करणारा प्रशिक्षक' हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच.

त्या सामन्याच्या चर्चेत एक विसंगती सहसा दुर्लक्षित राहते. त्याच प्रशिक्षकावर दुसरा आरोप असा होता, की हंगामभर फ्री थ्रोंची टक्केवारी जेमतेम साठीच्या घरात असताना त्यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली. हा आरोप मला रास्त वाटतो. पण तो रास्त असेल, तर पहिल्या आरोपाची धार कमी होते. फाउल केल्यावर प्रतिस्पर्ध्याने दोन्ही फ्री थ्रो घातले की आघाडी एका गुणावर येते, मग तो संघ उलट फाउल करतो आणि आपल्याच खेळाडूला रेषेवर उभे राहावे लागते. ज्या संघाचा सगळा घोळ रेषेवरच झाला, त्याने सामना पुन्हा रेषेवर न्यायला हवा होता असे म्हणणाऱ्याने निदान थोडे थांबून विचार करायला हवा.

२०१९ च्या स्पर्धेने या वादाच्या दोन्ही बाजू एकाच संघाविरुद्ध, दहा दिवसांच्या आत दाखवल्या. ३० मार्चला लुइव्हिलमध्ये पर्ड्यू व्हर्जिनियापुढे ७०-६७ अशा आघाडीवर होता. ५.९ सेकंद उरले असताना पर्ड्यूने शहाण्या सल्ल्याप्रमाणे फाउल केला. व्हर्जिनियाच्या गार्डने पहिला फ्री थ्रो घातला, दुसरा चुकवला. गर्दीतून व्हर्जिनियाच्याच एका उंच खेळाडूने चेंडू मागे टोलवला आणि तो थेट मध्यरेषेपलीकडे गेला. संघातल्या सर्वांत बुटक्या खेळाडूने धावत जाऊन तो उचलला आणि, स्वतः लांबून मारण्याचा मोह टाळून, दूरवरून अचूक पास त्या उंच खेळाडूकडेच परत पाठवला. शॉट हातातून सुटला तेव्हा घड्याळात सेकंदाचा अंश उरला होता. ७०-७० अशी बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये व्हर्जिनियाने ८०-७५ असा सामना जिंकला. ८ एप्रिलला मिनिॲपोलिसमधील अंतिम सामन्यात टेक्सस टेक ६८-६५ असे पुढे होते. त्यांनी फाउल केला नाही. व्हर्जिनियाच्या खेळाडूने आत मुसंडी मारल्यावर बचाव त्याच्याकडे ओढला गेला, कोपरा मोकळा पडला आणि सुमारे बारा सेकंद उरले असताना तिथून तीन गुण गेले. ओव्हरटाइमनंतरचा निकाल व्हर्जिनियाच्या बाजूने ८५-७७.

या दोन पराभवांना मिळालेली वागणूक सारखी नव्हती. पर्ड्यूच्या वाट्याला सहानुभूती आली, कारण ठरलेला निर्णय घेऊनही दैव आड आले असे लोकांना वाटले. टेक्सस टेकच्या बाबतीत मात्र 'फाउल का केला नाही' हा प्रश्न लगोलग उठला. वास्तविक पाहता बारा-पंधरा सेकंद हा फाउलसाठी फार लवकरचा काळ आहे आणि फाउलचे पुरस्कर्तेसुद्धा सहा-सात सेकंदांच्या आतच तो करावा असे सांगतात. पर्ड्यूचा फाउलही त्या मर्यादेच्या वरच्या टोकालाच होता. तीन सेकंद उरले असते तर मध्यरेषेपलीकडे गेलेला चेंडू परत यायला वेळच मिळाला नसता. खरा वाद फाउल करावा की नाही याचा नसून तो नेमका कधी आणि कोणत्या स्थितीत करावा याचा आहे. चेंडू असलेला खेळाडू बास्केटकडे पाठ करून किंवा ड्रिबल करत असेल तर तो सोपा, पास घेऊन शॉटच्या तयारीत असेल तर आत्मघातकी. २००९-१० च्या हंगामातील अशा शेकडो प्रसंगांची एका विद्यार्थिगटाने मोजदाद केली, तेव्हा दोन्ही मार्गांनी जाणारे संघ दहातले नऊच्या आसपास सामने जिंकत असल्याचे दिसले आणि त्यांच्यातील फरक निष्कर्ष काढण्याइतका मोठा नव्हता. २०१६ च्या अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाने ७४-७१ अशा आघाडीवर फाउल केला नाही आणि नॉर्थ कॅरोलिनाने ४.७ सेकंद उरले असताना हवेतच शॉट क्षणभर रोखून धरून तीन गुण केले. पण व्हिलानोव्हाने शेवटच्या क्षणी उलट तीन गुण करून ७७-७४ असा सामना जिंकला, आणि त्या न केलेल्या फाउलची चौकशी कोणीच केली नाही.

शेवटच्या चेंडूवरील दुसरा जुना वाद १९९२ चा आहे. ड्यूकविरुद्ध १०३-१०२ अशी आघाडी असताना आणि, योगायोगाने तेव्हाही २.१ सेकंदच उरले असताना, केंटकीच्या प्रशिक्षकांनी बाहेरून चेंडू टाकणाऱ्यासमोर कोणालाच उभे केले नाही. तीन-चतुर्थांश मैदान पार करणारा पास निर्वेधपणे आला आणि ड्यूक १०४-१०३ ने जिंकले. या निर्णयाला मात्र आज फारसा बचाव उरलेला नाही.

गेल्या काही वर्षांत चर्चेचा सूर अधिक तिखट झाला आहे आणि त्याची कारणे मैदानाबाहेरची आहेत. मोठ्या विद्यापीठांतील प्रशिक्षकांचे वार्षिक मानधन दशलक्ष डॉलरांत मोजले जाते. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात आणि हंगाम संपला की एकही वर्ष न गमावता दुसऱ्या विद्यापीठात जाता येते. पूर्वी 'मुले लहान आहेत, पुढच्या वर्षी शिकतील' असे म्हणून पराभव पचवला जाई. आता तोच संघ पुढच्या वर्षी असेलच असे नाही. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावरील केंद्रीय बंदी रद्द केल्यापासून बहुतेक राज्यांत पैज लावणे कायदेशीर झाले आहे. अखेरच्या फाउलमुळे निकाल बदलला नाही तरी गुणांचे अंतर बदलते, आणि तेवढ्यावर पैसे लावलेल्या माणसाचा राग चाहत्याच्या रागात मिसळतो. त्यात प्रत्येक क्षणी विजयाची शक्यता किती टक्के होती हे दाखवणारे आलेख भर घालतात. एप्रिल २०२५ च्या उपांत्य सामन्यात ड्यूक ३५ सेकंद उरले असताना ह्यूस्टनपुढे ६७-६१ होते आणि ७०-६७ असे हरले. आलेखावरचा तो कडा पाहून सगळा दोष प्रशिक्षकाच्या माथी मारणे सोपे गेले. प्रत्यक्षात त्या ३५ सेकंदांत एक बाहेरून टाकलेला चेंडू हिरावला गेला, पहिलाच फ्री थ्रो चुकल्याने दुसरा मिळाला नाही आणि रिबाउंडवर एक फाउल झाला. दोनच दिवसांनी त्याच ह्यूस्टनने अंतिम सामन्यात उत्तरार्धातील बारा गुणांची आघाडी गमावली आणि ६३-६५ असे हरताना शेवटच्या चढाईत त्यांना शॉटही मारता आला नाही.

निर्णयांची यादीही लांबत चालली आहे. २०१५-१६ पासून चेंडू खेळात असताना टाइमआउट मागण्याचा अधिकार प्रशिक्षकाकडून काढून खेळाडूंपुरता ठेवला गेला आणि टाइमआउटची संख्याही एकाने घटली. २०२५-२६ पासून पुरुषांच्या सामन्यांत प्रशिक्षकाला पंचांच्या ठरावीक निर्णयांना आव्हान देता येते, पण त्यासाठी हाती टाइमआउट शिल्लक असावा लागतो आणि आव्हान फसले तर तो जातो. त्यामुळे शेवटच्या मिनिटासाठी टाइमआउट राखणारा प्रशिक्षक तो नेमका कशासाठी राखतो आहे, फाउलची आखणी समजावून सांगण्यासाठी की चेंडू कोणाच्या हाताला लागून बाहेर गेला हे तपासून घेण्यासाठी, हा आणखी एक प्रश्न पराभवानंतरच्या यादीत आला आहे.