आधी सवलत आली, शिक्षक मागाहून

दहावीची परीक्षा जवळ आली की अध्ययन अक्षम मुलांचे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडखळणाऱ्या मुलांचे, पालक प्रमाणपत्रासाठी धावपळ करू लागतात. वाढीव वेळ, लेखनिक, कॅलक्युलेटर, एखाद्या भाषेतून सूट, जे मिळेल ते हवं असतं. नागपूर विभागीय मंडळाखाली गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाही येतात, त्यामुळे काही घरांना ही धावपळ फार लांबून करावी लागते. पण मूल अडखळू लागतं दुसरी-तिसरीत. मग मदत दहावीलाच का आठवते? याचं उत्तर इतिहासात आहे.

डोळे चांगले, बुद्धी चांगली, तरी वाचता येत नाही, अशा चौदा वर्षांच्या मुलाची नोंद इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली केली. आपल्याकडे असं मूल पुढची कित्येक दशकं 'ढ' किंवा 'आळशी' म्हणूनच मार खात राहिलं. अपंग मुलांसाठी केंद्राची एकात्म शिक्षण योजना १९७४ मध्ये आली, तिचा रोख दिसणाऱ्या अपंगत्वावर होता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती.

महाराष्ट्रात वाट उघडली ती मुंबईतून. शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी सुरू झाली, पालक आणि डॉक्टर एकत्र आले आणि १९९६ च्या सुमारास राज्याने परीक्षेतल्या सवलती मान्य केल्या. देशाचा कायदा गप्प असताना राज्याने उचललेलं हे पाऊल मोठंच होतं. मात्र त्यामुळे मदत आली ती परीक्षेच्या दारातून. शाळेला कागद कळला. मुलाला वाचायला कसं शिकवायचं, ते कळायचं राहूनच गेलं.

तपासणीचीही अडचण होती. नागपूरचं मूल घरी मराठी किंवा वऱ्हाडी बोलतं, गल्लीत हिंदी आणि शाळेत बरेचदा इंग्रजी. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, रफार, जोडाक्षरं यांत ते चुकतं तेव्हा तो भाषांचा गोंधळ की खरी अक्षमता, हे इंग्रजी चाचणी कसं सांगणार? 'डाली' ही मराठीतही प्रमाणित झालेली चाचणी यायला २०१५ उजाडलं. भारतीय लिपीत वाचायला शिकणं वेगळं असतं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता घेतली. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्राथमिक तपासणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी असेल तेव्हा, करायला सांगितलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि २०२२ मध्ये केंद्राने प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढे पंधरा मुलांमागे एक, असं प्रमाण ठरवून दिलं. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतला विशेष शिक्षक मात्र एका शाळेचा नसतो, तो अनेक शाळा फिरतो. तिसरीतल्या मुलाला रोजचा अर्धा तास हवा असतो, आणि पुढची भेट कधी, हे त्याच्या वर्गशिक्षिकेलाही माहीत नसतं.