पार्श्वभूमी : संगणकात लागणारी फेरीबोटीची रांग

5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पणजी-बेती वाहतुकीची भिस्त पुन्हा फेरीबोटींवर आली. अशा वेळी बोटी किती लागतील? हिशेब वरवर सोपा वाटतो. समजा, बोटीत 12 गाड्या मावतात आणि दर 15 मिनिटांनी बोट सुटते. म्हणजे तासाला 48. धक्क्यावर तासाला सरासरी 40 गाड्या येत असतील तर रांग लागायलाच नको. तरी लागते, कारण गाड्या सरासरीने येत नाहीत, ऑफिसच्या वेळेला झुंडीने येतात. दुपारी अर्धी रिकामी गेलेली बोट सकाळी खोळंबलेल्यांच्या काय कामाची? मग ही रांग संगणकातच लावून बघायची. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

रांगांच्या गणिताचा पाया घातला डेन्मार्कच्या ए. के. एरलांग यांनी. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत असताना 1909 मध्ये त्यांनी कॉल कसे येतात याचे गणित मांडले. पण सूत्रे साध्या रांगांनाच पुरतात. एक बोट दुरुस्तीला गेली, मध्येच ॲम्ब्युलन्सला वाट द्यावी लागली, की सूत्र हात टेकते.

दुसरी वाट पत्त्यांतून निघाली. 1946 मध्ये आजारातून उठताना गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता काढता काढता त्यांना वाटले, समीकरणे कशाला, शंभर डाव मांडून किती सुटतात तेच मोजावे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना न्यूट्रॉनच्या प्रवासाला लावली आणि 1948 मध्ये एनियाक संगणकावर तशी गणिते झाली. पद्धतीला माँटे कार्लो हे कॅसिनोचे नाव मिळाले. मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटी रोज पाहणाऱ्या पणजीकरांना ते वेगळे समजवायला नको.

खरी कलाटणी मात्र पोलादाच्या कारखान्यांतून आली, आणि तिची चर्चा फार कमी होते. ब्रिटनच्या युनायटेड स्टील कंपनीत के. डी. टोकर यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस कारखान्याच्या सिम्युलेशनसाठी सर्वसाधारण प्रोग्रॅम तयार केला. अशा प्रोग्रॅममधले घड्याळ सेकंदासेकंदाने चालत नाही, एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी मारते. 8:10 ला बोट सुटली की ‘8:17 ला पलीकडे लागेल’ अशी नोंद यादीत पडते. मध्ये दुसरी घटना नसेल तर ती सात मिनिटे संगणक बघतही नाही. यादीतली सर्वांत आधीची घटना काढायची, घड्याळ तिथे न्यायचे, तिच्यातून निघणाऱ्या नव्या घटना यादीत घालायच्या, एवढेच. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी भरती-प्रवाहांची मॉडेल चालतात त्यांची जात वेगळी: पाणी अखंड वाहते, म्हणून तिथे वेळ ठरावीक छोट्या टप्प्यांनी पुढे सरकवावी लागते.

1961 मध्ये आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांची जीपीएसएस ही खास सिम्युलेशनसाठीची भाषा आली. नॉर्वेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर्ड यांनी सिम्युला भाषा रचली. प्रत्येक बोट, प्रत्येक गाडी हा आपले काम आपण सांभाळणारा ‘ऑब्जेक्ट’. 1967 च्या आवृत्तीतली ही मांडणी पुढे सी++ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत उतरली, आणि आज सिम्युलेशनशी काडीचा संबंध नसलेले सॉफ्टवेअरही तिच्यावर उभे आहे.

मोठी मॉडेल अनेक संगणकांवर वाटायची तर प्रत्येकाचे घड्याळ वेगळे चालते. मणी चंडी आणि जयदेव मिश्रा या दोघा आयआयटीयनांनी 1979 मध्ये त्यावर काढलेला तोडगा सावध होता: मागच्या वेळेची घटना येणार नाही याची खात्री होईपर्यंत पुढे जायचे नाही. 1985 मध्ये डेव्हिड जेफरसन यांनी उलटे सुचवले. बिनधास्त पुढे जा, चुकले तर मागे फिरा.

पणजीजवळच्या पर्वरीत वाहतूक कोंडीत खोळंबणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचे मॉडेल 1992 चे, जर्मनीतल्या नागेल आणि श्रेकेनबर्ग यांचे. रस्त्याचे साडेसात मीटरचे चौकोन, एका चौकोनात फार तर एक गाडी, आणि एक मजेशीर नियम: अधूनमधून एखाद्या चालकाने उगाच वेग कमी करायचा. ना अपघात, ना खड्डा, तरी कोंडी होते आणि ती मागे मागे सरकत जाते. तो ‘उगाच’चा नियम काढला, तर तेवढ्याच तुरळक गाड्या असताना कोंडी होतच नाही.