लॅपटॉप वारंवार बंद पडणे (निदान)

लॅपटॉप वारंवार बंद पडणे : वापरातला जुना लॅपटॉप पूर्वसूचना न देता थांबणे, गोठणे, आपोआप पुन्हा सुरू होणे किंवा विंडोजचा चूक सांगणारा निळा पडदा दाखवून काम सोडून देणे, आणि हे एकदाच न होता पुनःपुन्हा घडणे. या दोषाबरोबरच त्याचे कारण शोधण्याच्या पद्धतीचाही विचार येथे केला आहे. इंग्रजीतील ‘क्रॅश’ हा शब्द मराठीतही चालतो. कोल्हापुरात गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘हँग मारतोय’, ‘सारखा बंद पडालाय’, ‘निळा पडदा येतोय’ किंवा ‘आपोआप रिस्टार्ट होतोय’ असे सांगते. बोलण्यात ही चारही वाक्ये एकमेकांच्या जागी येतात. निदानाच्या दृष्टीने मात्र ती चार वेगळी लक्षणे आहेत. किती वर्षांचे यंत्र जुने म्हणावे याला ठरावीक माप नाही. कंपनीने ज्याचे नवे ड्रायव्हर (सुटे भाग विंडोजकडून चालवून घेणारे प्रोग्रॅम) देणे थांबवले आहे आणि ज्याची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) कारखान्यातून आली तशीच आहे, असे यंत्र या नोंदीत जुने धरले आहे.

शब्द व पडदा : ‘क्रॅश’ या शब्दाचा संगणकीय अर्थ कोठून आला याबद्दल एकमत नाही. हार्ड डिस्कचे वाचन-लेखन शीर्ष फिरत्या तबकडीपासून हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. तो थर मोडून शीर्ष तबकडीवर आदळले की डिस्क खराब होते, आणि या आदळण्यावरून शब्द आला, असे संगणकतज्ज्ञांच्या जुन्या परिभाषासंग्रहांत सांगितलेले आढळते. दुसऱ्या मतानुसार कोसळणे, आदळणे हा इंग्रजीतील सामान्य अर्थच यंत्राला लावला गेला. कोसळण्याचा अर्थ भाषेत आधीच होता, डिस्कमुळे तो पक्का झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

निळ्या पडद्याच्या कर्तृत्वाचा घोळ याहून मोठा आहे. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते रेमंड चेन यांनी २०१४ मध्ये लिहिले की, विंडोज ३.१ मध्ये कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबल्यावर येणाऱ्या पडद्यावरचा मजकूर मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांचा होता. वृत्तमाध्यमांनी याचा अर्थ ‘निळा पडदा बाल्मर यांनी लिहिला’ असा घेतला व तो सर्वत्र पसरला. चेन यांनी पुढे खुलासा केला. त्यानुसार तो पडदा अडकलेल्या प्रोग्रॅमसाठी होता आणि त्यातून बाहेर पडता येत असे. विंडोज एनटीचा (कार्यालयांसाठीच्या विंडोजचा), म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच चूक झाल्यावर यंत्र थांबवणारा पडदा जॉन व्हर्ट यांचा, तर विंडोज ९५ मधला पडदा अंतिम रूपात स्वतः चेन यांचा. १९८५ च्या विंडोज १.० मध्येही चुकीच्या आवृत्तीच्या डॉसवर (विंडोजच्या खालच्या मूळ प्रणालीवर) निळ्या पार्श्वभूमीवर निरर्थक अक्षरे उमटत, पण त्याला या कुळात धरण्याचे कारण नाही. आजच्या लॅपटॉपवरील पडद्याचा पूर्वज १९९३ च्या एनटीचा मानावा, कारण २००१ च्या एक्सपीपासून घरगुती विंडोजही एनटीच्याच गाभ्यावर चालते. २०२५ मध्ये विंडोज ११ वर हा पडदा काळा झाला. जुन्या यंत्रांवर तो निळाच दिसतो.

निदान : पहिले काम यंत्र उघडण्याचे नसून ते कधी बंद पडते हे टिपून ठेवण्याचे आहे. पडदा न दाखवता दिवा विझावा तसे बंद पडत असेल तर उष्णता किंवा वीजपुरवठा; दर वेळी वेगळा संकेत असलेला निळा पडदा येत असेल तर रॅम (तात्पुरती स्मृती); एकाच ड्रायव्हरचे नाव परत परत येत असेल तर तो ड्रायव्हर; हळूहळू गोठून डिस्कचा दिवा सतत पेटत असेल तर डिस्क; आणि झाकण हलवल्यावर किंवा यंत्र उचलल्यावर बंद पडत असेल तर सैल जोड. हे ठोकताळे आहेत, पण फॉरमॅट (डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे) मारण्याआधी ते पाहिले तर बराच खर्च वाचतो. फॉरमॅट हा कोल्हापुरात (आणि अन्यत्रही) सर्वांत आधी सुचवला जाणारा उपाय असून हार्डवेअरच्या दोषावर त्याचा काही उपयोग होत नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर, क्रमांक ४१ अशी नोंद सापडली की पुरवठाच खराब आहे असा निष्कर्ष अनेक जण काढतात. ती नोंद यंत्र परत सुरू झाल्यानंतर लिहिली जाते व मागच्या वेळी ते रीतसर बंद झाले नव्हते एवढेच सांगते. वीज अचानक गेली तर त्या क्षणी काही लिहायला यंत्राला सवड नसते. मिनिडम्प फोल्डरमध्ये (कोलमडतानाची स्थिती विंडोज येथे साठवते) फाइल तयार झाली असेल तर तिच्यातून अधिक कळते. फाइलच नसेल, तर उष्णता किंवा पुरवठा यांच्याकडे संशय वळतो.

रॅम तपासण्यासाठी मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम वापरतात. क्रिस ब्रेडी यांनी तो १९९४ च्या सुमारास लिहिला. तो विंडोजबाहेर, पेन ड्राइव्हवरून चालतो, म्हणून ड्रायव्हरचा दोष त्यात मिसळत नाही. रात्रभर चालू ठेवावा. एकही चूक दिसली तरी रॅमच्या पट्ट्या एकेक करून काढून पाहाव्यात. रॅममधील चुका अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे होतात, असे पूर्वी फार लिहिले जाई. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या, आणि त्यांत त्याच जागी परत येणाऱ्या, म्हणजे पट्टीच्याच दोषाच्या चुकांचे प्राबल्य होते. वारंवार बंद पडणाऱ्या लॅपटॉपच्या बाबतीत म्हणून किरणांपेक्षा पट्टीवर संशय घेणे बरे. पट्टी काढून तिचे संपर्क पुसून परत घट्ट बसवल्यानेही काही यंत्रे सुधारतात.

डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती (डिस्कने स्वतःच्या स्थितीची ठेवलेली नोंद) पाहताना ५, १९७ व १९८ हे क्रमांक महत्त्वाचे. पाचवा क्रमांक बदललेल्या जागांचा, १९७ वाचताना अडणाऱ्या जागांचा व १९८ दुरुस्त न होणाऱ्या जागांचा. हे आकडे शून्य असले म्हणजे डिस्क निर्दोष, असे नव्हे : गूगलच्याच २००७ च्या अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी प्रमुख चार इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता.

यंत्र धडधाकट असूनही पडदा येऊ शकतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्यतनामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे एकाच दिवशी कोलमडली. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने जुन्या लॅपटॉपवर ड्रायव्हर व विंडोज यांचा मेळ बसवण्याचे काम वाढले आहे. सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर, यंत्र तासन्‌तास नीट चालत असेल तर ड्रायव्हरची आधीची आवृत्ती बसवून पाहावी.

उष्णता व सोल्डर : प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि त्याही पलीकडे गेल्यास यंत्र तडक बंद होते. वाळलेली पेस्ट व पंख्याच्या जाळीत साचलेला धूळ-कापसाचा थर ही नेहमीची कारणे. साफसफाई करून पेस्ट बदलल्यावरही दोष राहिला व यंत्रात स्वतंत्र ग्राफिक्स चिप असेल, तर दुकानात ‘बोर्ड काम’, ‘रिफ्लो’ (चिपखालचे सोल्डर तापवून पुन्हा वितळवणे) किंवा ‘रिबॉल’ (सोल्डरचे गोळे बदलणे) सुचवतात. याच्या मुळाशी एक जुना वाद आहे.

चिपची सिलिकॉन चकती एका छोट्या पट्टीवर अतिसूक्ष्म उंचवट्यांनी जोडलेली असते, व ती पट्टी मदरबोर्डवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या सोल्डरगोळ्यांनी. पहिल्या मतानुसार बाहेरचे गोळे तडकतात. युरोपीय संघाचा शिशावरील निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाल्यावर शिसेविरहित सोल्डर सर्वत्र आले. जुने कथिल-शिशाचे मिश्रण १८३ अंशांना वितळे, नवे २१७ ते २२० अंशांना वितळते व अधिक ताठर असते, म्हणून तापणे-निवणे सहन होत नाही, असा हा युक्तिवाद. दुसऱ्या मतानुसार दोष आतल्या उंचवट्यांत व त्यांच्याभोवती भरलेल्या राळेच्या थरात असतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने नोटबुकमधील काही चिपांच्या चकती व आवरणातील कमजोर साहित्यामुळे १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली; ती या मताला पोषक आहे. शिवाय २१७ अंशांपर्यंत न पोहोचणाऱ्या उष्णतेनेही असे बोर्ड काही दिवस जिवंत होतात. बाहेरचे गोळे तेव्हा वितळलेलेच नसतात. आतला तुटका जोड फुगून तात्पुरता टेकतो, एवढेच. जुनी चिप नव्या गोळ्यांवर बसवली तर दोष काही आठवड्यांत परत येतो, हाही अनुभव त्याच दिशेचा. त्या काळच्या ग्राफिक्स चिपांपुरते तरी दुसरे मत ग्राह्य वाटते. पडलेल्या किंवा कोपऱ्यात दाबल्या गेलेल्या यंत्रात बाहेरचे गोळे तडकतात, ही गोष्ट वेगळी. दुरुस्तीला देताना ‘रिबॉल करणार का’ यापेक्षा ‘चिप तीच राहणार की दुसरी बसणार’ हे विचारणे उपयोगी. तापून निवताना धातू का तडकतो, हे कोल्हापुरातील उद्यमनगर किंवा शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला (ओतकाम करणाऱ्याला) निराळे सांगावे लागत नाही.

कोल्हापूर परिसर : दुरुस्तीची बरीच दुकाने राजारामपुरी व शाहूपुरी भागात आहेत. फाउंड्रीच्या कार्यालयांतून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये वाळूच्या धुळीबरोबर लोखंडाची बारीक भुकटीही असू शकते. ती वीजवाहक असल्याने नुसत्या ब्लोअरने उडवणे धोक्याचे, कारण बोर्डावर पसरते. ब्रशने व व्हॅक्यूमने काढणे चांगले.

बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट चार्जरवर चालवण्याची पद्धत पेढ्या-दुकानांतून सर्रास आहे. वळवाच्या पावसात लाईट क्षणभर मिचकली तरी असे यंत्र बंद पडते व मालक ‘विंडोज खराब झालं’ म्हणून तक्रार घेऊन येतो. हा दोष यंत्राचा नाही. ९० वॅटच्या जागी ६५ वॅटचा चार्जर लावल्यावर काम वाढताच यंत्र रखडणे वा बंद पडणे हेही याच वर्गात येते. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर मात्र तपासत बसू नये. बॅटरी आधी काढावी.

पुराचे पाणी लागलेली यंत्रे हा वेगळा प्रकार. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फूट गाठले. जुलै २०२१ मध्येही शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात पाणी आले. असे लॅपटॉप उन्हात वाळवल्यावर सुरू होतात, पण गाळातील क्षार चिपांखाली राहतात व दमट हवेत पाणी शोषून सूक्ष्म गळती सुरू करतात. म्हणून ते उन्हाळ्यात बरे चालतात आणि पुढच्या जूनमध्ये परत बंद पडू लागतात. बोर्ड सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणे हा उपाय पहिल्या काही दिवसांतच गुण देतो. जोडांवर हिरवट-पांढरा थर चढल्यावर बोर्डावर खर्च न करता डिस्क काढून तिच्यातील माहिती दुसरीकडे उतरवून घेतात.