सेलचा रंग फॉर्म्युल्याच्या हाती कसा गेला

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट, म्हणजे आकडेमोडीचा तक्ता, आणलं, तेव्हा अटीनुसार सेल, म्हणजे तक्त्यातला चौकोन, रंगवण्याचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. २५४ ओळी, ६३ कॉलम आणि आकडा बदलला की आपोआप होणारी फेरमोजणी, एवढ्यावर लोक खूश होते. तरी आजच्या कंडिशनल फॉरमॅटिंगचं, म्हणजे अटीनुसार रंग देण्याच्या सोयीचं, मूळ मला तिथल्याच एका अडचणीत दिसतं. फॉर्म्युला एका सेलमधून दुसरीकडे उतरवला की त्यातले इतर सेलचे पत्ते सरकायचे की जागेवर राहायचे? व्हिजिकॅल्क हे प्रत्येक पत्त्यासाठी वापरणाऱ्यालाच विचारायचं. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये उत्तर फॉर्म्युल्यातच लिहिता येऊ लागलं: डॉलरचं चिन्ह लावलेला भाग हलत नाही.

रंग आले ते आकड्यांच्या फॉरमॅटमधून. उणे रक्कम लाल दाखवायची ही हिशेबनीसांची जुनी सवय एक्सेलने उचलली. कस्टम फॉरमॅटमध्ये चौकटी कंसात रंगाचं नाव लिहायचं, हवं तर ‘३५ पेक्षा कमी’ अशी अटही घालायची. पण अशा अटी दोनच, रंग फक्त अक्षरांना, आणि निर्णय त्याच सेलमधल्या आकड्यावर. शेजारच्या सेलमध्ये काय आहे याचा तिथे पत्ता नाही.

ही भिंत एक्सेल ९७ ने पाडली. नव्या कंडिशनल फॉरमॅटिंगच्या खिडकीत दोन पर्याय होते: सेलमधलं मूल्य तपासा, किंवा फॉर्म्युला द्या. बहुतेकांनी पहिलाच वापरला. खरी ताकद दुसऱ्यात होती, कारण फॉर्म्युल्याने फक्त ‘खरं’ की ‘खोटं’ एवढंच सांगायचं; तो कोणत्या सेलकडे बघून ठरवतो, याला बंधन नाही. निकालपत्रकात गुण एफ कॉलममध्ये असतील तर दुसऱ्या ओळीपासून सगळा तक्ता निवडून =$F2<35 लिहायचं. नापास विद्यार्थ्याची अख्खी ओळ रंगते. डॉलरमुळे कॉलम पक्का राहतो आणि दोनचा आकडा ओळीगणिक पुढे सरकतो. डॉलर विसरलात तर रंग भलतीकडेच जातो. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी इथल्याच असाव्यात, आणि उरलेल्या निवड करताना सक्रिय सेल कोणता होता याकडे लक्ष न दिल्याच्या.

एका सेलला अटी मात्र तीनच. पहिली जी खरी ठरेल ती लागू, बाकीच्या गप्प. चौथा रंग हवा असेल तर मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधला छोटा प्रोग्रॅम, लिहायचा. या चिमूटभर जागेत लोकांनी काय काय केलं! ओळ क्रमांकाला दोनने भागून बाकी शून्य उरते का ते बघायचं आणि एकाआड एक ओळी रंगवायच्या. सेलमध्ये चूक आली तर अक्षरं पांढरी करून ती झाकायची. ही दुसरी युक्ती मला कधीच पटली नाही. चूक असते तिथेच असते, फक्त वरिष्ठांना दिसत नाही.

एक्सेल २००७ मध्ये तीनची मर्यादा गेली. डेटा बार, रंगपट्ट्या, आयकॉन आले आणि जाहिरातीत तेच झळकले. शीट १०,४८,५७६ ओळींची झाली. नियम कितीही करता येऊ लागल्यावर नवी डोकेदुखीही आली: कॉपी-पेस्ट करत गेलं की एकाच नियमाचे तुकडे होतात आणि नियमांच्या यादीत सारख्याच ओळींची रांग लागते. नियमातून थेट दुसऱ्या शीटकडे बघायला एक्सेल २०१० उजाडावं लागलं. तोवर नाव दिलेल्या रेंजचा आडमार्ग होता. नियमाने दिलेला रंग मॅक्रोला सरळ वाचता येऊ लागला तोही त्याच आवृत्तीत. साध्या फॉर्म्युल्याला मात्र तो आजही दिसत नाही. म्हणून ‘लाल सेल मोजा’ असं कुणी म्हटलं की रंगाच्या मागे न लागता रंग देणारी अटच मोजावी.

ओपनऑफिस आणि लिब्रेऑफिस कॅल्क या मोफत स्प्रेडशीटमध्ये याच्या जोडीला एक उलटा रस्ता आहे: सेलमधल्या फॉर्म्युल्यातच स्टाइल फंक्शन जोडून रूप ठरवता येतं. चतुर सोय आहे, पण हिशेब आणि रंगरंगोटी एकाच ओळीत गुंततात. गूगल शीट्सने मात्र एक्सेलचीच वाट धरली. तिथल्या कस्टम फॉर्म्युल्यातही =$F2<35 हीच ओळ, डॉलरसकट, जशीच्या तशी चालते.