"ए बाहुली, रीडिंग सांग": ऑफिसातल्या टोपणनावांमागचं विज्ञान

"ए बाहुली, रीडिंग सांग गं पटकन!"

ट्रेनी म्हणून लागले होते तेव्हाची गोष्ट. गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी, क्वालिटी डिपार्टमेंट, आणि माझ्या लाइनवर मी एकटीच मुलगी. हातात बोअर गेज (छिद्राचं माप बघायचं उपकरण), समोर पीसचा ट्रे, आणि पलीकडच्या मशीनवरून ही हाक, मागोमाग दोघातिघांचं हसणं. गेजचा काटा ४२ मायक्रॉन दाखवत होता आणि मी रजिस्टरमध्ये लिहिलं २४. लिमिट होती ३०. म्हणजे जो पीस रिजेक्ट व्हायला हवा होता तो ओके म्हणून पुढे गेला, असेंब्लीत बसेना म्हणून दुपारी परत आला आणि संध्याकाळी मला ऐकून घ्यावं लागलं की लक्ष कुठे असतं तुझं.

लक्ष कुठे होतं हे मला तेव्हा सांगता आलं नाही, पण आज सांगता येतं, कारण त्यावर मानसशास्त्रात बऱ्यापैकी अभ्यास झालाय आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याला मारलेली हाक मेंदूला "ऐकू नको" म्हणून दर वेळी सांगता येत नाही. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. लोकांच्या एका कानात एक मजकूर सोडायचा आणि तो त्यांनी मोठ्याने म्हणत राहायचं, दुसऱ्या कानात दुसरंच काहीतरी चालू ठेवायचं. दुसऱ्या कानातलं लोकांना जवळपास काहीच आठवत नव्हतं, एकच शब्द परत परत वाजवला तरी नाही. पण त्यात स्वतःचं नाव आलं की साधारण तिघांपैकी एकाला ते कळायचं. आता टोपणनाव पण शेवटी नावच, महिनाभर रोज ऐकलं की ते आपलं होऊन बसतं, आवडो न आवडो. "दुर्लक्ष कर गं" हा सल्ला देणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की हाक ही मुळात लक्ष वेधायलाच असते.

आता ही नावं नीट बघा. आपल्याकडच्या ऑफिसांत, बँकांत, कारखान्यांत बायकांना पडणारी नावं बहुतेक दोन जातींची असतात. एकीकडे बाहुली, चिऊ, बेबी, सुंदरी, हिरॉईन. दुसरीकडे कडकलक्ष्मी, मिरची, चंडिका, झाशीची राणी (हे शेवटचं कौतुकाने म्हटलेलं फार क्वचित असतं, टोन ऐकला की कळतं). पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये बायकांबद्दलच्या पूर्वग्रहाचे असेच दोन भाग मांडले. एक उघड वैर असलेला, की बाई वरचढ व्हायला बघते, तिला जागा दाखवायला हवी. दुसरा गोड, की बाई नाजूक असते, जपायला हवी, अवघड कामं तिला देऊ नयेत. नंतर २००० मध्ये त्यांनी १९ देशांमधल्या १५ हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यात दिसलं की हे दोन्ही हातात हात घालून चालतात, ज्या देशात एक जास्त तिथे दुसराही जास्त. म्हणजे मुलगी गप्प राहून ऐकते तोवर ती बाहुली आणि ड्रॉइंगमधली चूक दाखवून दिली की तीच मुलगी मिरची. माझं स्वतःचं असंच झालं, आठ महिन्यांत बाहुलीची मिरची झाले, माणसं तीच.

त्यातलं गोड नाव कमी त्रासाचं असं मला पण वाटायचं. इथे बेल्जियममधला एक प्रयोग फार महत्त्वाचा आहे, बेनुआ दारदेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००७ सालचा. बायकांना नोकरीच्या निवडीसारखी एक परिस्थिती दिली. काहींना भरती करणाऱ्याकडून बायकांविरुद्ध सरळसरळ टोचणारं ऐकवलं, काहींना गोड, म्हणजे इथले पुरुष नव्याने आलेल्या बाईला सांभाळून घ्यायला तयार आहेत, काळजी नको, अशा अर्थाचं. मग सगळ्यांना कोडी सोडवायला दिली. सगळ्यात वाईट कामगिरी झाली गोड बोलणं ऐकलेल्यांची. उघड अपमान ऐकलेल्या बायका, म्हणजे ज्यांना राग आला असणार त्या, बऱ्यापैकी नीट सोडवून गेल्या. गोड ऐकलेल्यांना तो भेदभाव आहे असं ओळखताच आलं नव्हतं, फक्त कुठेतरी बरं वाटत नव्हतं, आणि कोडं सोडवताना डोक्यात मधेमधे विचार येत होते की मला हे जमणार आहे का, मी कमी पडतेय का.

आपली कामापुरती स्मरणशक्ती फार छोटी असते, एका वेळी चारपाच गोष्टी धरल्या की भरली. गेजचं रीडिंग, पीस नंबर, लिमिट एवढ्यानेच ती निम्मी जाते. त्यात "हे का हसले, आपण हसायचं का, नाही हसलो तर शिष्ट म्हणतील का" हे घुसलं की आकडे उलटेपालटे व्हायला वेळ लागत नाही. माझे ४२ चे २४ त्याच क्षणी झाले अशी शपथ मी घेणार नाही, एका चुकीचं कारण असं छातीठोक सांगता येत नसतं, पण त्या लाइनवरून दुसऱ्या लाइनवर गेल्यावर तशी चूक माझ्या हातून परत झाली नाही.

टोपणनावाने माणसाची पायरी कशी खाली येते हे बघायचं तर रोझलिंड फ्रँकलिनकडे बघावं. १९५१ च्या जानेवारीत ती लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये आली, क्ष-किरणांनी रेणूंची रचना शोधण्यात तोपर्यंत पॅरिसमध्ये तयार झालेली. डीएनएचं काम तिच्याकडे सोपवल्याचं प्रयोगशाळेचे प्रमुख जॉन रँडल यांनी आधीच पत्राने कळवलं होतं, पण तिथेच डीएनएवर काम करणाऱ्या मॉरिस विल्किन्सला वाटत होतं की ती आपल्या हाताखाली आलीय. तिथे प्राध्यापकांची एक कॉमन रूम फक्त पुरुषांसाठी होती. तिच्या पाठीमागे तिचं नाव पडलं "रोझी". तोंडावर कोणी म्हणायचं नाही. १९५२ च्या मे महिन्यात तिच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंगने डीएनएचा तो प्रसिद्ध फोटो घेतला, फोटो ५१. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, ती किंग्ज सोडून जाणार होती तेव्हा, विल्किन्सने केंब्रिजमध्ये डीएनएची रचना शोधणाऱ्या फ्रान्सिस क्रिकला पत्र लिहिलं आणि त्यात तिला म्हटलं "डार्क लेडी". नाव नाहीच.

१९५८ मध्ये कॅन्सरने ती गेली, वय ३७. चार वर्षांनी डीएनएच्या रचनेसाठी क्रिक, त्याचा सहकारी जेम्स वॉटसन आणि विल्किन्सना नोबेल. आणि १९६८ मध्ये वॉटसनच्या पुस्तकातून "रोझी" जगभर पोचली. त्या पुस्तकात तिच्या लिपस्टिकची, केसांची, कपड्यांची चर्चा आहे आणि ती विल्किन्सची असिस्टंट असल्यासारखी उभी केलीय, जे ती कधीच नव्हती. शेवटी वॉटसनने कबूल केलंय की तिच्याबद्दलची आपली सुरुवातीची मतं बऱ्याचदा चुकीची होती. पण ते शेवटच्या पानांवर, आणि आधीच्या सगळ्या पानांवर रोझीच. मला हे वाचताना दर वेळी त्रास होतो. "डॉक्टर फ्रँकलिन आमच्या हाताखाली होती" हे वाक्य लिहिताना हात अडखळला असता, "रोझी" म्हटलं की तेच सहज खपून जातं.

आडनावाचा मुद्दा पण याच्याशी जोडलेला आहे. स्टाव्ह अतीर आणि मेलिसा फर्ग्युसन या संशोधिकांचा २०१८ चा अभ्यास सांगतो की नुसत्या आडनावाने उल्लेख पुरुषांचा बायकांच्या दुपटीहून जास्त होतो, आणि ज्याचा उल्लेख आडनावाने होतो तो लोकांना जास्त नामवंत वाटतो. आपल्याकडे तर हे रोज कानावर पडतं. "पाटील, जरा इकडे या", "कुलकर्णींना विचारा", आणि त्याच पोस्टवरच्या बाईला "अगं स्वाती". डॉक्टरसुद्धा यातून सुटलेल्या नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांच्या व्याख्यानांची रेकॉर्डिंग तपासली तर पुरुष डॉक्टर दुसऱ्या पुरुष डॉक्टरची ओळख करून देताना ७२ टक्के वेळा "डॉक्टर" लावत होते आणि बाई डॉक्टरची ओळख करून देताना ४९ टक्के. ताई, काकू, मावशी यांचं काय असं कोणी विचारेल. मला स्वतःला "ताई" म्हटलेलं चालतं, आपल्या भाषेत त्यात आदर आहे आणि रात्रपाळीत तर त्या शब्दाचा आधारही वाटलाय. पण मीटिंगमध्ये सगळ्यांना "सर" आणि तिशीतल्या इंजिनिअरला "काकू" हे नात्याने आलेलं नसतं, हे म्हणणाऱ्यालाही माहीत असतं.

"अगं गंमत होती" हे उत्तर ठरलेलं. थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हीच गंमत तपासली. ज्या पुरुषांच्या मनात बायकांबद्दल आधीच वैरभाव होता त्यांनी बायकांवरचे विनोद वाचले की ते बायकांच्या संस्थेला देणगी कमी द्यायला तयार होत. तेच विखारी बोलणं विनोदाशिवाय, सरळ वाक्यांत वाचायला दिलं की असा परिणाम दिसत नव्हता. म्हणजे विनोद कोणाच्या मनात नवं विष घालत नाही, पण "इथे हे चालतं" अशी परवानगी मात्र देतो, आणि ज्याला ती हवीच असते तो ती उचलतो.

मग बायका तिथल्या तिथे बोलत का नाहीत? मी स्वतःला हा प्रश्न विचारून विचारून दमले होते. जूली वुडझिका आणि मॅरियान लाफ्रान्स यांचा २००१ चा प्रयोग वाचला आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. त्यांनी तरुण मुलींना विचारलं की नोकरीच्या मुलाखतीत पुरुषाने तुम्हाला बॉयफ्रेंड आहे का, लोकांना तुम्ही आकर्षक वाटता का असं विचारलं तर काय कराल. बहुतेकींनी सांगितलं की राग येईल आणि सुनावू, बऱ्याच जणींनी तर उत्तरच देणार नाही म्हटलं. मग दुसऱ्या मुलींची खरीखुरी वाटणारी मुलाखत घेऊन तेच प्रश्न विचारले. उत्तर द्यायला एकीनेही नकार दिला नाही. जास्तीत जास्त काहींनी नम्रपणे विचारलं की हे का विचारताय. आणि त्यांना रागापेक्षा भीती जास्त वाटली होती. तेव्हा तू गप्प बसलीस म्हणजे तुला चाललं, असं म्हणणाऱ्यांचं काही ऐकू नका. घाबरल्यावर माणूस तसाच वागतो.

बोलल्याचा उपयोग होतो का, तर होतो. मार्गो माँटिथ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वंशभेदी शेऱ्यांवर प्रयोग केले. टोकल्यावर लोकांना टोकणाऱ्याचा राग आला, पण स्वतःचंही वाईट वाटलं आणि पुढच्या वेळी तसं बोलणं कमी झालं, टोकताना शब्द कडक होते की सौम्य याने त्यात फार फरक पडला नाही, रागात तेवढा पडला. त्यामुळे मोठं भाषण लागत नाही. "माझं नाव अमुक आहे, त्याच नावाने हाक मारा" एवढं साध्या आवाजात, न हसता. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण आपल्याला वातावरण सांभाळायला लहानपणापासून हसायला शिकवलेलं असतं.

आणि पुरुषांनो, हे तुमच्यासाठी. बाईने टोकलं की तिला तक्रारखोर ठरवलं जातं, तेच पुरुषाने टोकलं की लोक जास्त गांभीर्याने घेतात, असं याच विषयावरचे अभ्यास सांगतात. ही बरोबरीची गोष्ट नाहीये, पण तोवर तुमच्या एका वाक्याची किंमत जास्त आहे तर ते वाक्य बोला. माझ्या बाबतीत ते बोलले एक वयस्कर ऑपरेटर. चहाच्या सुट्टीत कोणीतरी परत बाहुली म्हणालं तर कप खाली न ठेवता म्हणाले, "नाव आहे ना पोरीला? मग नावानं बोलव." बस्स. दोघांनी त्या दिवसापासून थांबवलं. तिसरा पाठीमागे म्हणत राहिला, पण आता हसायला सोबत कोणी नव्हतं.

नाव लैंगिक अर्थाचं असेल, आयटम, फटाकडी वगैरे, तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली ती तक्रार होऊ शकते, कारण लैंगिक अर्थाचे शेरे त्यात स्पष्ट धरलेत. दहा किंवा जास्त लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, तिची अध्यक्ष बाई आणि निम्म्या तरी सदस्य बायका. त्याहून लहान जागा असेल, दुकान, क्लिनिक, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, पटण्यासारखं कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. नुसतं मिरची, कडकलक्ष्मी असेल तर आधी एचआर किंवा मॅनेजरकडे लेखी द्या, तोंडी सांगितलेलं विरून जातं.

मी तेव्हा इन्स्पेक्शनच्या डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. तारीख, शिफ्ट, जो शब्द म्हटला तो जसाच्या तसा, आणि आजूबाजूला कोण होतं. पहिली नोंद करायला मला चार महिने लागले होते, त्याच्या आधीच्या तारखा आता कितीही आठवल्या तरी आठवत नाहीत. ग्रुपवर काही आलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, समोरचा माणूस मेसेज कधीही डिलीट करू शकतो.