सूक्ष्मदर्शकी व जीवभौतिकीतील संशोधन-कारकीर्द

पेशी आणि तिच्यातले रेणू प्रकाश, इलेक्ट्रॉन किंवा बल यांच्या साहाय्याने पाहणे, मोजणे आणि त्यासाठी लागणारी उपकरणेही घडवणे, हा संशोधनातला एक पेशा. यात सरळ वाटेने आलेली माणसे कमीच. व्यंकटरामन रामकृष्णन बडोद्याचे भौतिकशास्त्राचे पदवीधर. १९७६ मध्ये ओहायो विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी.ही भौतिकशास्त्रातच केली आणि त्यानंतर ते पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राच्या वर्गात बसले. रायबोसोम, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणारे यंत्र, त्याच्या रचनेसाठी २००९ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले. एरिक बेत्सिग तर संशोधन सोडून वडिलांच्या कारखान्यात गेले होते. परतल्यावर त्यांनी हॅराल्ड हेस या मित्राच्या दिवाणखान्यात सूक्ष्मदर्शक जुळवला. सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जवळचे दोन बिंदू प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात वेगळे दिसत नाहीत, ही जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सांगितलेली मर्यादा त्या सूक्ष्मदर्शकाने ओलांडली. बेत्सिग यांना २०१४ मध्ये नोबेल मिळाले, तेही रसायनशास्त्राचे!

रोजचे काम एवढे नाट्यमय नसते. लेसरच्या चिमट्याचे, म्हणजे लेसरच्या झोतात सूक्ष्म कण पकडून धरण्याच्या तंत्राचे, उदाहरण घ्या. कायनेसिन हे मोटर-प्रथिन, म्हणजे पेशीत ओझे वाहून नेणारे प्रथिन, एका पावलात ८ नॅनोमीटर सरकते, हे १९९३ मध्ये याच चिमट्याने दिसले. असले पाऊल मोजायचे तर खोली अंधारी हवी, तापमान स्थिर हवे आणि टेबल हवेच्या दाबावर तरंगते हवे, नाहीतर जिन्यावरच्या चपलांचाही हादरा आलेखात उमटतो. भिंगावर तेलाचा एकच थेंब टाकायचा. त्यात बुडबुडा शिरला की सगळे पुसून पुन्हा श्रीगणेशा. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि पुढे आयआयटी येथे रूप मलिक यांनी याच तंत्राने पेशीतली मोटर-प्रथिने एकजुटीने ओझे कशी ओढतात ते मोजले. त्यांना २०१४ चा भटनागर पुरस्कार हा विज्ञानातला राष्ट्रीय सन्मान मिळाला.

भारतात या क्षेत्रात शिरण्याचे मार्ग ठरलेले आहेत: एम.एस्सी. किंवा बी.टेक., मग नेट, गेट या राष्ट्रीय परीक्षा किंवा टीआयएफआरची स्वतःची परीक्षा. पुण्यातली आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, बंगळुरूची एनसीबीएस ही जीवविज्ञान संशोधन संस्था या ओळखीच्या जागा. कनिष्ठ संशोधक छात्रवृत्ती २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आहे. पीएच.डी.नंतर बहुतेकांना परदेशातल्या पोस्टडॉकची, म्हणजे तात्पुरत्या संशोधक पदाची, काही वर्षे काढावी लागतात. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कंपन्यांतही जागा असतात, तिथे उपकरण विकण्याइतकेच ते ग्राहकाला शिकवणेही येते.

सर्वांत दुर्लक्षित वाट सामायिक उपकरण-केंद्रांतली, म्हणजे अनेक प्रयोगशाळा मिळून वापरतात त्या उपकरणांच्या केंद्रांतली. शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीला (प्रथिने गोठवून इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहण्याच्या तंत्राला) २०१७ चे नोबेल मिळाल्यावर अशा केंद्रांची मागणी वाढली. तिथे ३ मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर प्रथिनाचा थेंब घेऊन जास्तीचे द्रव कागदाने टिपायचे आणि जाळी क्षणात अतिथंड द्रवरूप इथेनमध्ये बुडवून गोठवायची. कागद जरा जास्त टेकला तर थर कोरडा पडतो, कमी टेकला तर बर्फ जाड होऊन काही दिसत नाही. हे ज्याच्या हातात बसले आहे, त्याच्यावर पाच-सहा प्रयोगशाळांचे निष्कर्ष अवलंबून असतात. शोधनिबंधात त्याचे नाव पुष्कळदा शेवटच्या आभारात येते, आणि नेमणूक प्रकल्पाच्या मुदतीपुरती.